पॅरोल म्हणजे सुटका नव्हे

गाजलेल्या खटल्यातला कैदी पॅरोलवर बाहेर आल्याची बातमी येते आणि लोक म्हणतात, ‘सुटला बघा!’ पण तो सुटलेला नसतो. त्याला दोषी ठरवणारा निकाल कायम असतो, शिक्षा कायम असते आणि तुरुंगात परत हजर होण्याची तारीखही ठरलेली असते. महाराष्ट्राच्या कारागृहांत याला अभिवचन रजा म्हणतात. हे नाव फार नेमके आहे, कारण मूळ शब्दाचा अर्थच तो आहे.

फ्रेंच भाषेत ‘पारोल’ म्हणजे मुखातून निघालेला शब्द. इज्जतीवर दिलेल्या वचनाला फ्रेंच लोक ‘पारोल दॉनर’ म्हणत. त्यातून इंग्रजीत शिरलेला हा शब्द आधी रणांगणावर वावरला, तुरुंगात फार नंतर गेला. ‘सुटका झाल्यावर तुमच्याविरुद्ध शस्त्र धरणार नाही’ असे वचन युद्धकैदी देई आणि त्यावर त्याला सोडले जाई. अमेरिकेच्या यादवी युद्धात जुलै १८६२ मध्ये दोन्ही बाजूंनी तसा करारच केला: कैद्यांना पकडल्यापासून दहा दिवसांत पॅरोलवर सोडायचे. पुढच्या वर्षी दक्षिणेचे व्हिक्सबर्ग शहर पडले, तेव्हा उत्तरेच्या जनरल ग्रँटने सुमारे ३० हजार सैनिक असे सोडले. पॅरोल म्हणजे ढिलाई, असे ज्यांना वाटते त्यांनी त्याच काळातली युद्धनियमांची लीबर संहिता पाहावी. वचन मोडलेला माणूस पुन्हा हाती लागला, तर त्याला देहदंड सांगितला होता.

तुरुंगाशी या कल्पनेची गाठ पडली ती ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावर. १८४० मध्ये तिथे आलेल्या अलेक्झांडर मॅकोनोकी या अधिकाऱ्याने श्रम आणि वर्तणूक यांवर गुण देऊन कैद्याला स्वतःची सुटका कमावण्याची वाट दाखवली. पुढे आयर्लंडमार्गे ही पद्धत अमेरिकेत रुजली. तिथे पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर राहून भोगणे. इंग्रजी चित्रपटांत पॅरोल मिळालेला कैदी तुरुंगात परतत नाही, तो यामुळे. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे मुदतपूर्व सुटका. तिचे नियम आणि निकष वेगळे आहेत.

पॅरोल आणि जामीन यांची गल्लत तर रोजची. जामीन बहुधा खटला चालू असताना मिळतो, त्या वेळी माणूस कायद्याच्या नजरेत दोषी नसतो आणि तो देते न्यायालय. पॅरोल शिक्षा झालेल्या कैद्यासाठी असतो आणि त्याचा निर्णय मुळात प्रशासन घेते. प्रशासनाने नाकारला, तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, हा फरक स्पष्ट दिसला. गर्दी कमी करण्यासाठी एकाच तुरुंगातून कच्चे कैदी तात्पुरत्या जामिनावर बाहेर पडले आणि शिक्षा झालेले कैदी आकस्मिक पॅरोलवर.

आता राहिला फर्लो, म्हणजे संचित रजा. हा शब्द डचांच्या सैनिकी रजेवरून आलेला. महाराष्ट्रात दोन्ही रजा १९५९ च्या नियमांवर चालतात. पॅरोलला कारण लागते: जवळच्या नातलगाचे गंभीर आजारपण, पत्नीचे बाळंतपण, घर कोसळणे, पूर. फर्लोला असे कारण दाखवावे लागत नाही. ठरावीक शिक्षा भोगलेल्या कैद्याचा घराशी धागा तुटू नये, तुरुंगवासाने तो खचू नये, एवढाच तिचा हेतू आहे. मात्र ती मागितली की मिळालीच पाहिजे, असा हक्कही नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे.

दिवसांचा हिशेब बहुतेकांना ठाऊकच नसतो. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. महिनाभर पॅरोलवर राहिलेल्याची सुटका महिनाभर पुढे जाते. म्हणजे आईच्या आजारपणात उशाशी बसलेला कैदी ते दिवस नंतर तुरुंगात भरून देतो. याला मौज म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

काही जण मुदतीत परतत नाहीत, हे खरे आहे. त्यांच्यावर वेगळा गुन्हा नोंदवला जातो आणि पुढची रजा अडते. पण आपल्या चर्चेत एक माणूस कधीच येत नाही. १९५९ च्या त्याच नियमांप्रमाणे फर्लोवर जाणाऱ्याला घरी ठेवून घ्यायला आणि त्याच्यासाठी हमीपत्र लिहून द्यायला तयार असलेला नातलग लागतो. ज्याच्या घरच्यांनी पाठ फिरवली आहे, त्याची वर्तणूक कितीही चांगली असली तरी त्याच्यासाठी हमी द्यायला कोणी पुढे येत नाही. त्याचा अर्ज तिथेच थांबतो.