माशांची टाकी आणि पाण्याची परीक्षा

हल्लीं पुष्कळ घरांत, नातवंडांच्या हट्टानें म्हणा किंवा दिवाणखान्याच्या शोभेसाठीं म्हणा, कांचेची टाकी येते. तींत चार सोनेरी मासे सोडले जातात, आणि दोन-तीन आठवड्यांच्या आंत त्यांतले निदान दोन उलटे होऊन वर तरंगतात. मग आजी म्हणतात, घरावरचें गंडांतर माशांनीं आपल्यावर घेतलें. सूनबाई दुकानदाराला बोल लावतात. आणि ज्या पोरानें आदल्या दिवशीं मूठभर खाद्य टाकलें तें कोपऱ्यांत रडत बसतें. आजींच्या श्रद्धेला आम्ही हात लावीत नाहीं. पण अशा मृत्यूचें कारण बहुधा पाण्यांत असतें, व तें डोळ्यांना दिसत नाहीं. पाणी आरशासारखें निर्मळ असतांहि मासे मरतात. म्हणून टाकीबरोबरच पाणी तपासण्याचें किट घरीं आणावें. प्रश्न उरतो तो, कोणतें आणावें हा.

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. उरलेलें खाद्य कुजून त्यांत भर पडते. कांहीं सूक्ष्म जंतु या अमोनियाचें नायट्राइट करतात व दुसरे कांहीं त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. जंतूंचें हें कार्य विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास उलगडून दाखविलें. यांतले पहिले दोन पदार्थ माशांना विषासमान. तिसरा पुष्कळच सौम्य. नव्या टाकींत हे जंतु पुरेसे वाढावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपले मासे नेमके त्याच मुदतींत दगावतात. तेव्हां ज्या किटांत अमोनियाची परीक्षा नाहीं, तें नव्या टाकीला अपुरें होय, मग त्याच्या वेष्टनावर कितीहि रंग छापलेले असोत. कागदी पट्ट्या स्वस्त व सोप्या म्हणून खपतात; परंतु टेट्रा कंपनीच्या सहा परीक्षांच्या पट्टींत क्लोरिन आहे, कठिणपणा आहे, नायट्राइट-नायट्रेट आहे, आणि अमोनिया मात्र नाहीं! शिवाय पट्टीला दमट हवा सोसत नाहीं. साताऱ्याच्या पावसाळ्यांत डबीचें झांकण सैल राहिलें तर तिच्यावर विसंबूं नये. थेंबांच्या बाटल्यांचें किट आरंभीं महाग वाटतें, पण एका किटांत शेंकडों परीक्षा होतात.

कित्येक घरीं याहून निराळाच समज असतो. पाणी गाळण्याचें यंत्र दुरुस्त करणारा गृहस्थ खिशांतून टीडीएस मीटर काढून आंकडा सांगतो, आणि तोच आंकडा माशांनाहि लागू केला जातो. तें उपकरण पाण्याच्या विद्युद्वाहकतेवरून विरघळलेल्या क्षारांचा केवळ अंदाज करतें. त्यांत मीठ किती व विष किती, हें त्याला कळत नाहीं.

वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या दकार्गल अध्यायांत म्हटलें आहे कीं, आकाशांतून पडतांना पाण्याचा वर्ण एक व रसहि एकच असतो. भूमीच्या भेदानें त्याला नाना रस व नाना वर्ण येतात. हें सहाव्या शतकांतलें वचन आमच्या दोन शहरांना चांगलें लागूं पडतें. साताऱ्यास कासच्या तलावाचें पाणी येतें. तें जांभ्या दगडाच्या पठारावरचें पावसाचें पाणी, अर्थात् त्यांत क्षार थोडे. सांगलीची कृष्णा काळ्या बेसाल्टाच्या मुलुखांतून वाहत येते, आणि त्याच खडकांतल्या बोअरचें पाणी तर डाळ शिजूं देत नाहीं.

सातारकरांनीं केएच, म्हणजे पाण्याची आम्ल सोसण्याची शक्ति, अवश्य तपासावी. वर सांगितलेले जंतु अमोनिया पचवितांना आम्ल उत्पन्न करतात. केएच थोडा असेल तर पीएच एकाएकीं ढासळतो. (गाळण-यंत्राच्या पाण्यानें टाकी भरणारांनाहि हीच भीति.) एपीआय कंपनीच्या प्रसिद्ध 'मास्टर किट'मध्यें पीएच, अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट यांच्या परीक्षा आहेत, पण केएच व जीएच नाहींत, त्या बाटल्या वेगळ्या घ्याव्या लागतात.

सांगलीकरांची अडचण उलट. पाण्याचें तापमान २५ अंश व पीएच ७ असतां अमोनियाचा सुमारें अर्धा टक्काच विषारी रूपांत असतो. पीएच ८ झाला कीं तोच सुमारें पांच टक्के होतो. म्हणजे किटाचा रंग दोन्ही गांवीं सारखाच उमटला, तरी सांगलीच्या माशाला धोका दहापट! म्हणून बोअरचें पाणी वापरणारांनीं पीएचची परीक्षा कोठपर्यंत जाते तें पाहावें. वरील किटांतली साधी परीक्षा ७.६ वर थांबते, पुढें ८.८ पर्यंतची दुसरी बाटली त्यांतच असते, तिचा उपयोग करावा. बोअरचें ताजें पाणी लगेच तपासूं नये. एक दिवस उघडें ठेवावें, म्हणजे त्यांतला कर्बवायु निघून जाऊन खरा पीएच कळतो. उंसाच्या मळ्यांजवळच्या विहिरींचें नायट्रेटहि पाहावें, कारण खतांचा अंश खालीं झिरपतो. येथें एक मेख आहे. कांहीं तक्ते नायट्रेट मोजतात, कांहीं त्यांतला नायट्रोजनच. दुसऱ्याचा आंकडा ४.४ नें गुणावा, तेव्हां पहिल्याशीं जुळतो.

नळाच्या पाण्यांत क्लोरिन असतोच, व असावाहि. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत तो लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे. माणसाला जें रक्षण तें माशाला मरण. थायोसल्फेटचे थेंब टाकल्यावांचून तें पाणी ओतूं नये.

परीक्षेचा रंग दिवसाउजेडीं पांढऱ्या कागदासमोर पाहावा. पुष्कळ पुरुषांना लाल-हिरव्यांतला भेद जन्मतःच नीट कळत नाहीं, म्हणून तक्ता घरांतल्या दोघांनीं पडताळावा. नायट्रेटची दुसरी बाटली वापरण्यापूर्वीं अर्धा मिनिट जोरानें हालवावी. तिच्या तळाशीं सांका बसतो व आंकडा फसवा येतो. बाटल्यांत आम्ल व दाहक क्षार असतात; त्या औषधांच्या फळीवर किंवा स्वयंपाकघरांत न ठेवतां मुलांचा हात न पोंचेल अशा कपाटांत कुलपांत ठेवाव्या, आणि परीक्षेचें पाणी टाकींत परत न ओतां मोरींत टाकावें.