अकाल प्रसूतिवेदनांचे औषधी रोधन

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी गर्भाशयाची नियमित आकुंचने सुरू होऊन गर्भाशयग्रीवा उघडू लागल्यास त्या अवस्थेस अकाल प्रसूतिवेदना म्हणतात. ही आकुंचने मंदावणाऱ्या औषधांना टोकोलिटिक औषधे अशी संज्ञा आहे.

या औषधांनी गर्भकाल पूर्ण करता येतो, ही समजूत बरोबर नाही. प्रसूती सामान्यतः सुमारे ४८ तास लांबविणे एवढाच त्यांचा हेतू असतो. हा अवधी मात्र मोलाचा असतो. लिगिन्स व हाउई या न्यूझीलंडमधील वैद्यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, मातेस बीटामेथासोन दिल्यास गर्भाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात व जन्मोत्तर श्वसनकष्ट कमी होतात. भारतात याकरिता डेक्सामेथासोन प्रचलित असून त्याची ६ मिग्रॅ.ची चार अंतःक्षेपणे १२ तासांच्या अंतराने देतात. याच अवधीत मातेस नवजात अर्भकाच्या अतिदक्षता विभागाची सोय असलेल्या रुग्णालयात हलविता येते.

निफेडिपीन हे औषध स्नायुपेशींत कॅल्शियमाचा प्रवेश रोखते. ते तोंडाने देता येते व जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्यास पसंती दिली; तथापि त्याने रक्तदाब उतरू शकतो. ॲटोसिबान हे ऑक्सिटोसिनाच्या क्रियेस विरोध करते. इंडोमेथासीन ३२ आठवड्यांनंतर टाळतात, कारण गर्भाची फुप्फुस रोहिणी व महारोहिणी यांना जोडणारी वाहिनी त्यामुळे अकाली आकसू शकते. रिटोड्रीन, टर्ब्युटॅलीन इत्यादींमुळे मातेच्या हृदयाचे ठोके वाढतात, क्वचित फुप्फुसांत पाणीही साठते. म्हणून त्यांचा वापर घटला आहे. मॅग्नेशियम सल्फेट आकुंचने थांबविण्यास फारसे उपयुक्त नाही. ३२ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतीत गर्भाच्या मेंदूच्या रक्षणार्थ मात्र ते देतात.

गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला असल्यास, वार सुटून रक्तस्राव होत असल्यास, गर्भ गुदमरत किंवा मृत असल्यास अथवा रक्तदाबवाढीने मातेची प्रकृती गंभीर झाली असल्यास ही औषधे वर्ज्य होत. अशा वेळी प्रसूती लांबविणे हेच घातक ठरते. औषध चालू असताना मातेची नाडी व रक्तदाब आणि गर्भाच्या हृदयाचे ठोके वारंवार तपासावे लागतात. आकुंचने थांबल्यावर हीच औषधे आठवडेच्या आठवडे घेत राहिल्याने अर्भकास लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही. म्हणून मुदतीपूर्वी कळा येऊ लागताच घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णालय गाठणे श्रेयस्कर असते. ग्रीवा बरीच उघडल्यावर या औषधांचा उपयोग फारसा होत नाही.