लहान चेनसॉ घेताय? सीसी आणि किंमत सोडा, आधी हे बघा

फोन घेताना आपण प्रोसेसर, रॅम, बॅटरी सगळं ताडून बघतो. पण चेनसॉ घ्यायची वेळ आली की बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: किती सीसी आणि किती रुपये. दर पावसाळ्याआधी मला व्हॉट्सॲपवर असे स्क्रीनशॉट येतात, "दादा, ५८ सीसी, २२ इंच, स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" माझं उत्तर बहुतेक वेळा "नको" असतं. का, ते आज नीट समजून घेऊ.

मी मुरुडचा. म्हणजे दापोलीच्या मुरुडचा, जंजिऱ्याच्या नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि दापोली, मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या माडा-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. रस्त्यावर झाडं, घरावर झाडं, आणि वीज कित्येक दिवस गायब. कुऱ्हाड आणि कोयती घेऊन किती ओंडके तोडणार? तेव्हापासून चेनसॉ, म्हणजे आपला कटर, साध्या वाडीवाल्यालाही हवासा वाटायला लागला.

आधी झाड मोजा, मग मशीन

चेनसॉच्या लांब पात्याला बार म्हणतात. या बारवरून चेन फिरते. बार किती इंची घ्यायचा हे तुमची झाडं ठरवतात. पोफळीचं खोड साधारण वीतभर जाडीचं. माडाचं खोड बुंधा सोडला तर फूटभराच्या आसपास. १४ इंची बार म्हणजे ३५ सेंटीमीटर. म्हणजे वाडीतलं जवळजवळ सगळं काम त्यात होतं. खोड जास्त जाड असेल तर दोन्ही बाजूंनी कापता येतं.

मग २२ इंची का नको? बार लांब झाला की मशीन पुढच्या बाजूला जड होतं आणि बारचं टोक तुमच्या नजरेआड जातं. टोकाचा वरचा भाग फिरत असताना कशालाही टेकला, तर अख्खा बार उसळून तुमच्या तोंडाकडे येतो. याला किकबॅक म्हणतात. डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं हे. नवख्या माणसाच्या हातात लांब बार म्हणजे हाच धोका वाढवणं.

सीसी बघून ताकद कळत नाही

दोन नावाजलेली लहान मॉडेल्स घेऊ. जर्मनीच्या स्टिलचं एमएस १८०: साधारण ३२ सीसी, ताकद दीड किलोवॅटच्या आसपास, बार आणि पेट्रोल सोडून वजन चार किलोच्या जवळपास. स्वीडनच्या हस्कवार्नाचं १२० मार्क टू: ३८ सीसी, ताकद १.४ किलोवॅट, वजन ४.८५ किलो.

बघा, सीसी सहाने जास्त, पण ताकद जवळपास तेवढीच. म्हणून माहिती वाचताना सीसी सोडून "किलोवॅट" शोधा. १ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ०.७५ किलोवॅट, एवढं लक्षात ठेवलं की हिशोब जमतो. ज्या जाहिरातीत सीसी मोठ्या अक्षरात आहे आणि किलोवॅट किंवा वजन कुठेच नाही, तिथे थांबायचं.

वजनाचा मुद्दाही हलका समजू नका. दोन तास वाकून ओंडके कापले की अर्धा किलोसुद्धा जाणवतो. थकलेला हात बार सावरू शकत नाही, आणि अपघात तेव्हाच होतात.

पेट्रोल, वायर की बॅटरी?

वायरवाले चेनसॉ, उदाहरणार्थ जपानच्या मकिताचं १८०० वॉटचं यूसी ४०४१ए, आवाजाला कमी आणि देखभालीला सोपे. अंगणात, घराजवळ मस्त. पण वादळानंतर वीजच नसेल तर काय?

बॅटरीवाल्यांत दोन प्रकार आहेत. एक मोठे, जसं मकिताचं डीयूसी ३५३. याला १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात आणि ३५ सेंटीमीटरचा बार येतो. दुसरे एका हाताने धरायचे इवलेसे, जसं स्टिलचं जीटीए २६, ज्याचा बार फक्त १० सेंटीमीटर. हे फांद्या छाटायला झकास, माडाच्या खोडाला नाही. आणि वीज गेली की बॅटरी चार्ज कुठे करणार, हा प्रश्न इथेही आहेच.

म्हणून किनाऱ्यावरच्या वाडीसाठी मी अजूनही पेट्रोलच सुचवतो. फक्त फांद्या, झुडपं एवढंच काम असेल तर बॅटरी घ्या.

ब्रँडचा खरा फरक इथे आहे

चेन ही झिजणारी वस्तू आहे. ती बदलायला तीन आकडे जुळावे लागतात: पिच, गेज आणि खालच्या दातांची संख्या, म्हणजे ड्राइव्ह लिंक. हे बहुतेक वेळा बारवरच कोरलेले असतात. जाहिरातीतला फोटो झूम करा. लहान चेनसॉवर सहसा ३/८ लो प्रोफाइल पिच असतो आणि त्याला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. स्वस्त ५२-५८ सीसीवाल्यांवर अनेकदा ०.३२५ पिच असतो, त्याची कानस वेगळी.

आता दुकानात फोन करून हे प्रश्न विचारा:

- या मॉडेलची चेन आत्ता दुकानात आहे का?
- स्टार्टरची दोरी, एअर फिल्टर, कार्बोरेटरचं किट मिळेल का? किती दिवसांत?
- दुरुस्ती दापोलीत होईल, की खेड-चिपळूणला न्यावं लागेल?

ज्या ब्रँडची उत्तरं जवळच्या गावातून मिळतात, तो तुमचा ब्रँड. स्टिल की हस्कवार्ना हा वाद त्यानंतर. डब्यावर नाव आहे पण सुटा भाग कुठेच नाही, असं मशीन पहिल्या बिघाडाला अडगळीत जातं.

किनाऱ्यावर वापरताना

माडाचं खोड बाहेरून टणक आणि धाग्याधाग्यांचं असतं, त्यामुळे धार लवकर जाते. त्यात ओंडका वाळूत पडलेला असेल आणि चेन वाळूला टेकली, तर काही सेकंदांत बोथट. ओंडक्याखाली लाकडाचे तुकडे सरकवा, मग कापा.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मॅन्युअलप्रमाणेच घाला. ५०:१ म्हणजे १ लिटरला २० मिली. चेनचं ऑइल वेगळं, त्याची टाकीही वेगळी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. पावसाळ्यात मशीन ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करा, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

हे विसरू नका

चेन ब्रेक नसलेला चेनसॉ फुकट मिळाला तरी घेऊ नका. किकबॅकमध्ये तोच चेन थांबवतो. हेल्मेट, चष्मा, कानाला मफ, हातमोजे आणि बूट यांचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. वादळात वाकलेल्या किंवा अडकलेल्या खोडात ताण भरलेला असतो, कापताच ते उसळतं किंवा बार चिमटीत पकडतं. असं झाड आणि उभा माड जाणत्या माणसावर सोडा.

आणि आंबा, फणस, साग, खैर, किंजळ, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या जागेतली असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ प्रमाणे तोडायला परवानगी लागते. मशीन आपलं आहे म्हणून झाड तोडायची मुभा मिळत नाही.

थोडक्यात सांगायचं तर माडा-पोफळीच्या वाडीला १४ इंची बार, दीड किलोवॅटच्या आसपास ताकद, पाच किलोच्या आतलं वजन, चेन ब्रेक, आणि ज्याची चेन तालुक्याच्या गावात मिळते तो ब्रँड. घरात मशीन प्रत्यक्ष जो चालवणार आहे, त्याला ही माहिती ऑर्डर देण्याआधी वाचून दाखवा.