पट्टा आवळण्याआधी

रविवारी अख्खा मास्क धुतला की रात्री हवा निसटणार, हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं. शनिवारपर्यंत अण्णांच्या चेहऱ्यावर मुकाट बसणारा तोच मास्क, तेच पट्टे, तेच सीपॅप मशीन. पण कोमट पाण्यातून निघून परत चेहऱ्यावर चढला की नाकाच्या दांडीजवळ बारीक शिट्टी सुरू. हवा थेट डोळ्यात. अण्णा अर्धवट झोपेत मागचा पट्टा ओढायचे, शिट्टी आणखी चढायची आणि पहाटे मास्क उशीशेजारी पडलेला असायचा.

ज्यांना स्लीप अ‍ॅप्निया आहे त्यांच्यासाठी ही किरकोळ गैरसोय नव्हे. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला दचकून जागं करतो. रात्रभर हेच चालतं. सीपॅप घशात सतत हवेचा दाब ठेवून ती वाट उघडी ठेवतं. हा दाब असतो किती? अण्णांचं मशीन पाण्याच्या दहा सेंटिमीटरवर लावलेलं आहे, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग. एवढ्याशा दाबावर सगळा कारभार चाललेला असताना फट मोठी झाली की घशापर्यंत पोचायचं ते बाहेरच सांडतं. मशीन कपाटात ठेवून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. मशीनबद्दल त्यांची तक्रार नसते, ती मास्कबद्दल असते. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

आधी एक गोष्ट नक्की माहीत हवी: मास्कमधून थोडी हवा बाहेर जायलाच हवी. पुढच्या कोपरासारख्या जोडाजवळ किंवा फ्रेमवर बारीक भोकांची जाळी असते. आपण सोडलेला श्वास, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडसकट, तिथून बाहेर पडतो. प्रेशर वाढलं की इथून जाणारी हवाही वाढते. ही गळती समजून त्या भोकांवर चिकटपट्टी लावू पाहणारे लोक असतात. असं कधीही करू नये, जीवाशी खेळ आहे. आपण शोधायची ती कुशन आणि कातडी यांच्यामधून, किंवा जोडांमधून निसटणारी हवा.

धुतल्यावरच ती का निसटते, याचं पहिलं उत्तर बेसिनपाशीच आहे. मास्कचं कुशन सिलिकॉनचं असतं. चेहऱ्याचं तेल त्यावर बसलं की ते घसरतं, म्हणून ते रोज धुवायचं. पण साबण नीट निघाला नाही तर तेलाच्या जागी साबणाचा थर बसतो आणि घसरणं तसंच राहतं. सुगंधी, मॉइश्चरायझरवाले साबण यात सगळ्यात वाईट. आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. जड पाण्यात फेस धड येत नाही, आणि साबण व क्षार मिळून पांढुरका चिकटा तयार होतो. बादलीच्या काठावर जो दिसतो, तोच. आता मी बिनवासाच्या सौम्य साबणाचा थेंबभर वापर करते आणि शेवटचं खळबळणं पिण्याच्या पाण्यात करते. वाळल्यावर कुशनच्या काठावरून कोरडं बोट फिरवायचं. बोट अडखळलं, किंचित चिकटल्यासारखं वाटलं, की सिलिकॉन स्वच्छ आहे. बोट गुळगुळीत सटकलं तर पुन्हा धुवायचं. तोच नियम चेहऱ्याला. अण्णांना रात्री नाकाला व्हॅसलीन लावायची सवय होती. ती बंद केली, झोपण्याआधी साध्या पाण्याने तोंड धुणं सुरू केलं आणि अर्धी शिट्टी तिथेच गेली. स्पिरिट, ब्लीच, उकळतं पाणी यांनी सिलिकॉन कडक होतं किंवा चिरतं, त्यामुळे निर्जंतुक करण्याच्या उत्साहात त्यांच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी जागा जोडणीची, आणि माझ्या मते बहुतेक वेळा घोळ इथेच असतो. कुशनच्या मागच्या बाजूला एक काठ असतो, तो फ्रेमच्या खाचेत सगळीकडून बसावा लागतो. वरची बाजू टक् करून बसते आणि आपण निर्धास्त होतो. पण खाली हनुवटीच्या बाजूला काठ एखाद्या नखाएवढा बाहेर राहिलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही. अंगठा पूर्ण वर्तुळात दाबत न्यावा लागतो, राहिलेल्या जागी उंचवटा हाताला लागतो. कुशनचा पातळ पापुद्रा धुताना आत दुमडला गेला असेल तर तोही इथेच सोडवून घ्यायचा.

नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला आणखी एक भाग असतो: कोपराच्या जोडातली सिलिकॉनची छोटी झडप. मशीन चालू असताना हवेच्या दाबाने ती बाहेरची वाट मिटवते. वीज गेली, मशीन बंद पडलं, की ती खाली पडते आणि बाहेरची हवा आत येऊ देते. ज्यांच्याकडे रात्री-अपरात्री वीज जाते त्यांनी या झडपेचं मोल ओळखावं. धुतल्यावर ती ओली चिकटलेली किंवा वाकडी राहिली तर दोन परिणाम होतात. मिटली नाही तर तिथून हवा भसाभसा जाते. उघडली नाही तर वीज गेल्यावर श्वासाची पंचाईत. प्रत्येक धुण्यानंतर कोपर उजेडाकडे धरून ती मोकळी लवते आहे ना, हे मी पाहते.

पट्ट्यांचं दुखणं साधं आहे. आठवड्याने ते धुवायला काढले की वेल्क्रोच्या टोकांची जागा हरवते, आणि परत लावताना डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर आखूड होते. मास्क एका बाजूला ओढला जातो आणि हवा दुसऱ्या गालावरून निघते. पट्टा जिथपर्यंत येतो तिथे रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवला की प्रश्न मिटतो. वाळवताना दोरीवर चिमट्याने लटकवू नये. ओल्या कापडाच्या वजनाने लवचीकपणा जातो. पंख्याखाली पंचावर आडवे पसरावेत. पावसाळ्यात ते एका दिवसात वाळत नाहीत, तेव्हा सकाळी लवकर धुवायचे.

यानंतर येतो बसवण्याचा भाग. मास्क आरशासमोर, बसून, मशीन बंद असताना बसवला की तो छान बसतो आणि आडवं झाल्यावर सुटतो. आडवं होताच गाल कानाकडे ओघळतात, चेहऱ्याचा आकारच बदलतो. म्हणून मी सांगते, "अण्णा, आधी उताणे झोपा, डोकं उशीवर टेका, मग मशीन सुरू करते." हवा सुरू झाली की मास्क दोन्ही हातांनी धरून चेहऱ्यापासून किंचित वर उचलायचा आणि परत टेकवायचा. त्या क्षणात काय होतं ते अगदी जवळून पाहण्यासारखं आहे. कुशनला दोन पदर असतात, आतला जाडसर आणि बाहेरचा पातळ. मास्क उचलताच पातळ पदर हवेने फुगतो, थरथरतो आणि टेकवताना नाकाच्या कडेच्या खळगीत आपला आपण शिरतो. फट बुजवण्याचं काम हवाच करते, पट्ट्यांनी मास्क फक्त जागेवर धरून ठेवायचा असतो. पट्टा आवळला की पातळ पदर जाड पदरावर चेपला जातो, त्याला फुगायला जागा उरत नाही, सुरकुती पडते आणि सुरकुतीतून हवा निघते. अण्णा जितकं ओढत होते तितकी शिट्टी का वाढत होती, ते यातून कळतं. नाकावर सकाळी उमटणारे लाल वळही त्याच ओढाताणीचे.

म्हणून हवा निसटली की आधी पट्टे थोडे सैल करायचे, मास्क पुन्हा उचलून बसवायचा आणि मगच अगदी जराजरा ताण द्यायचा, दोन्ही बाजूंनी एकदम. जागा सापडत नसेल तर हाताची मागची बाजू ओली करून मास्कच्या कडेने फिरवावी. गारवा जिथे लागतो तिथे फट.

हा झगडा सीपॅपइतकाच जुना आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये पाच पेशंटांवरचा हा उपचार मांडला. सुरुवातीच्या त्या दिवसांत पेशंटच्या चेहऱ्याच्या मापाचा मास्क बनवत आणि रोज रात्री तो सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवत. सकाळी खरवडून काढायचा, रात्री पुन्हा चिकटवायचा. आजचं फुगणारं कुशन त्या पेशंटांना मिळालं असतं तर त्यांनी हायसं वाटून सुस्कारा सोडला असता.

मास्क शांत आहे आणि तरी मशीन गळती दाखवतंय, असंही होतं. मग चेहरा सोडून मशीनकडे जायचं. ह्युमिडिफायरची पाण्याची टाकी घासून परत बसवताना झाकणाचं रबर खाचेतून निघालेलं असतं. नळीच्या टोकाचा जोड अर्धाच बसलेला असतो. कधी नळीलाच, वाकते तिथे, केसासारखी चीर गेलेली असते. मशीन चालू असताना नळी ताणून कानाजवळ धरली की ती ऐकू येते.

सकाळी मशीनच्या पडद्यावर रात्रीचा हिशेब असतो. वेगवेगळ्या मशीनची मोजण्याची रीत वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला ताडून पाहू नये. अण्णांच्या मशीनला मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती चालते, त्यावर गेली की ते उदास चेहरा दाखवतं. त्याच्याच शेजारी तासाला किती वेळा श्वास अडला तो आकडा असतो. गळती वाढलेल्या रात्री तोही वाढतो, आणि दुपारी अण्णा पेपर वाचता वाचता खुर्चीत पेंगतात.

हे सगळं करूनही काही वेळा हवा निसटतेच. तेव्हा चेहऱ्यात काय बदललं ते पाहावं. वजन उतरलं असेल, मिशी वाढली असेल. अण्णांच्या बाबतीत ती कवळी निघाली. नवी कवळी आल्यापासून ते ती रात्री काढून ठेवू लागले होते. दातांचा आधार गेल्यावर गाल आत गेले आणि तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांशी कुशन अधांतरी राहू लागलं. दंतवैद्य आणि झोपेचे डॉक्टर दोघांशी बोलून कुशनचं माप बदललं. जुनं कुशन तसंही पिवळं पडून काठाला लुळं झालं होतं. असं कुशन कितीही धुतलं, कसंही बसवलं तरी फुगत नाही. नवं मागवताना फक्त 'मीडियम' सांगून भागत नाही, फ्रेमवर छापलेलं मॉडेलचं नाव बघून त्याच मॉडेलचं मागवावं लागतं. दिसायला सारखं पण दुसऱ्या मॉडेलचं कुशन खाचेत नीट बसतच नाही.