अर्बुद-संशोधन आणि पदवीचे विद्यार्थी

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील ११वा अध्याय आपल्या विद्यार्थ्यांस पाठ असतो. पण अर्बुदाची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा योग त्यांस क्वचितच येतो. ही उणीव पदवीच्या काळातच भरून निघावी, असे आम्हांस वाटते.

केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये बीएएमएसच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्पार्क’ ही विद्यार्थीवृत्ती सुरू केली. दोन महिन्यांच्या संशोधनासाठी ५०,००० रुपये, असे तिचे मूळ स्वरूप होते.

दोन महिन्यांत कर्करोगावर औषध सापडत नाही. म्हणून प्रश्न लहान असावा : एका द्रव्याचे प्रमाणीकरण, किंवा कर्करोगाचे रुग्ण आधुनिक उपचारांसोबत कोणती आयुर्वेदीय औषधे घेतात याची पाहणी. रुग्णांशी संबंध येताच नीतिमत्ता समितीची संमती आवश्यक ठरते.

नोंद मात्र प्रामाणिक हवी. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल व बियर सदाफुलीचा मधुमेहावरील गुण तपासत होते. तो आढळला नाही. उंदरांच्या श्वेतपेशी मात्र घटल्या. ती नोंद त्यांनी टाकून दिली नाही, म्हणूनच व्हिनब्लास्टिन हाती आले.

अध्यापक वैद्यांनी यंदा निदान एका विद्यार्थ्याचा प्रस्ताव स्वतः तपासून द्यावा, ही आमची विनंती.