घणाखालची मोहोर

ग्वाल्हेरमधील इंदरगंज ज्या लष्कर भागात मोडते, तो भाग १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस दिलेल्या तळातून वसला. आणि फौजेच्या मागोमाग जसे सराफ येतात, तशी टांकसाळही येथे आली. त्या टांकसाळीत खालचा ठसा घट्ट रोवून, त्यावर तोलून घेतलेली सोन्याची चकती ठेवून, वरचा ठसा हाती धरून घणाचा एक घाव घातला की मोहोर सिद्ध होई. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे अर्धा लेख सोन्याबाहेरच राही, आणि बादशहाचे नाव बहुधा तुटकेच उमटे.

नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचेच, लिपीही फारसी; शिंद्यांची सत्ता ओळखू येई ती नाग, त्रिशूळ, धनुष्यबाण अशा चिमुकल्या चिन्हांवरून, किंवा दौलतरावांच्या पत्नी बायजाबाईंच्या कारकिर्दीतील नागरी ‘श्री’वरून. ही भिडस्त सार्वभौमता मला फार बोलकी वाटते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडचा तिसरा रॉबर्ट याच घणाने सोने ठोकवी, परंतु त्याच्या ‘लायन’ नाण्यावर राजचिन्हाचा सिंह आणि उलट बाजूस संत अँड्र्यू अशा आकृती निःसंकोच मिरवत.

ग्वाल्हेरच्या सोन्यावर राजाचा चेहरा आला तो यंत्राच्या काळात: १९०२ च्या एकतृतीयांश मोहोरेवर माधवराव शिंदे आहेत, कडा रेखीव, लेख पूर्ण, हाताने पाडलेल्या जुन्या मोहोरेचा वाकडेपणा मात्र तीत शोधूनही सापडत नाही.