'आज मासे नाहीत' : सुट्टीत बाहेर जेवण्याविषयी थोडंसं

मंडळी, हॉस्टेलवाल्यांची सुट्टी म्हणजे मुळात जिभेची सुट्टी. आग्र्याला जाऊन आलेला मुलगासुद्धा परत आल्यावर ताजमहालाचं नंतर सांगतो, आधी काय काय खाल्लं ते सांगतो. आणि त्यात प्रकार दोनच. एक तर "सॉलिड होतं यार!" नाहीतर "पैसे पाण्यात गेले!" बहुतेक जण हे नशिबावर ढकलून मोकळे होतात. माझं म्हणणं असं, की यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. एखादी जागा हिट का आणि दुसरी फ्लॉप का, याला चांगली शास्त्रशुद्ध कारणं असतात आणि त्यातली बरीचशी ऑर्डर द्यायच्या आधीच दिसतात.

उदाहरणासाठी आमची मालवणची ट्रिप घेते. आम्ही सहा जणी, सगळ्या एकाच विंगमधल्या. परीक्षा संपता संपता जून उजाडतो, त्यामुळे इंजिनिअरिंगवाल्यांच्या वाट्याला कोकण येतं ते भर पावसातलं. किल्ल्याची होडी बंद, पाण्यातले खेळ बंद, पण रूम मात्र स्वस्त! कुडाळला उतरून एस.टी.ने मालवण गाठेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता : मासे.

आता गंमत बघा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ, शिवाय समुद्रही खवळलेला. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मालवणच्या हॉटेलात 'फ्रेश सुरमई' अशी पाटी दिसली, तर ती सुरमई बहुधा मे महिन्यापासून फ्रीझरमध्ये झोपलेली असते, किंवा बर्फाच्या पेटीतून शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेली असते. थोडे ताजे मासे तेव्हाही मिळतात. खाडीतले, नदीतले, बिगर-यांत्रिक होड्यांनी धरलेले, पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे 'चढणीचे मासे', शिवाय तिसऱ्या, कालवं. पण प्रत्येक टेबलावर प्रत्येक मासा? शक्यच नाही.

पहिल्या दुपारी आम्ही किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात गेलो. (नाव सांगत नाही.) आठ पानांचं लॅमिनेटेड मेनूकार्ड : मालवणी, पंजाबी, चायनीज, अगदी पिझ्झासुद्धा. आमच्यातली एक रत्नागिरीची. तिने बांगडा फ्राय घेतला, माझ्या रूम पार्टनरने त्यातला अर्धा मटकावला. बाकीच्यांनी चिकन आणि पनीर. अर्ध्या तासात रत्नागिरीवालीचा चेहरा आणि मान लालभडक, डोकं ठणकतंय, छाती धडधडतेय. आम्ही जाम घाबरलो. भर पावसात रिक्षा करून डॉक्टरांकडे नेलं. तोपर्यंत रूम पार्टनरचेही कान लाल झाले होते.

डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मासा जिभेला मिरीसारखा चुरचुरला का?" ती म्हणाली, हो, मला मसाल्याचाच तिखटपणा वाटला. औषध दिलं, दोन-तीन तास बसवून ठेवलं, संध्याकाळपर्यंत उतार पडला. पण तिचं रडू थांबेना. दुखण्यापेक्षा तिला एकच भीती, की आपल्याला माशांची अ‍ॅलर्जी झाली, आता जन्मभर मासे बंद! ज्या घरात रविवारचा बेत बाजारात काय मिळालं त्यावर ठरतो, त्या घरातल्या मुलीला ही शिक्षाच की. आईला फोन करताना तिच्या तोंडून शब्द फुटेना.

डॉक्टरांनी मग आम्हाला जे समजावलं, ते लिहिण्यासाठीच खरं तर हा लेखप्रपंच. बांगडा, टूना यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पकडल्यावर लगेच बर्फात गेला नाही, किंवा वाटेत बर्फ वितळला, तर जिवाणू या हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात. अ‍ॅलर्जीत आपलं शरीर जे हिस्टामिन सोडतं तेच हे, फक्त इथे ते बाहेरून, मासळीबरोबर पोटात येतं. म्हणून लक्षणं हुबेहूब अ‍ॅलर्जीची. आणि वाईट भाग म्हणजे एकदा तयार झालं की ते तळून जात नाही, उकळून जात नाही आणि पुन्हा फ्रीझ करूनही जात नाही. मासा कुजका वास मारेलच असंही नाही. वरून लाल मसाला आणि रवा लावला की संपलंच!

"दोघींनी तोच बांगडा खाल्ला आणि दोघींनाही एकदमच त्रास झाला. दोघींना एकाच दिवशी अ‍ॅलर्जी कशी होईल?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कुठे ती शांत झाली. अर्थात पुन्हा ताजा मासा खाऊन असंच झालं तर तपासणी करून घ्यायची, हेही त्यांनी बजावलं.

आता यात इंजिनिअरिंग कुठे आलं? सांगते. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला 'लिटल्स लॉ' असतो (जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला). व्हायव्हासाठी आपण सगळे तो घोकतो आणि विसरतो. साधा अर्थ : साठा भागिले खपाचा वेग म्हणजे माल सरासरी किती वेळ पडून राहतो. हॉटेलच्या फ्रीजमध्ये दहा किलो मासे आहेत आणि रोज दोन किलो खपतात, तर प्रत्येक तुकडा सरासरी पाच दिवस तिथे पडून आहे. आता आठ पानांचं मेनूकार्ड आठवा. दीडशे पदार्थ 'अव्हेलेबल' ठेवायचे म्हणजे दीडशे पदार्थांचा साठा हवा, आणि ऑफ सीझनला गिऱ्हाईक किती, तर आम्ही धरून तीन टेबलं. पंजाबी भाज्यांचं एक वेळ ठीक, तिथे दोन-तीन ग्रेव्ह्यांवर सगळा कारभार चालतो. माशाला असला जुगाड चालत नाही.

दुसरं कारण पैशाचं आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला पक्कं माहीत असतं, की हे टोळकं पुन्हा येणार नाही. जेवण चांगलं झालं काय आणि वाईट झालं काय, त्याच्या उद्याच्या गल्ल्यात फरक पडत नाही. हायवेवर ट्रकवाले थांबतात तो ढाबा चांगला असं म्हणतात, त्यामागेही हेच. ट्रकवाला पुढच्या आठवड्यात परत येणार असतो. लक्झरी बस थांबते त्या ढाब्याचं तसं नाही हं! तिथे जागा निवडतो ड्रायव्हर आणि बिल भरतो आपण.

बिलावरून आठवलं. कार्डावर पापलेटपुढे दर नसून 'साइजप्रमाणे' लिहिलेलं असेल, तर मासा तव्यावर जायच्या आधी आकडा विचारून घ्या. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के. सर्व्हिस चार्ज मात्र कर नव्हे. तो बिलात आपोआप लावता येत नाही, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. काढून टाका म्हणायला लाजू नका.

तर दुसऱ्या दिवशी. पुन्हा हॉटेलात जायची कोणाची हिंमत नव्हती. रिक्षावाल्या काकांना विचारलं, तुम्ही कुठे जेवता? त्यांनी बाजारामागच्या एका खानावळीत नेऊन सोडलं. चार टेबलं, बाहेर बँकेतले आणि एस.टी.तले लोक जागेची वाट बघत उभे. मेनूकार्ड नाहीच. आम्ही बसायच्या आधीच आतून काकी म्हणाल्या, "आज मासे गावले नाय गो. सुक्याचा जेवशात?"

कॉन्व्हेंटमध्ये शिकूनसुद्धा इतकं मालवणी मला कळलं. आणि त्याच क्षणी वाटलं, ही जागा बरोबर आहे. जी बाई समोरच्या सहा गिऱ्हाइकांना 'नाही' म्हणू शकते, तिच्याकडे जे 'आहे' ते खरं असणार.

उकड्या तांदळाचा भात, सुक्या जवळ्याची चटणी, भाजलेला सुका बोंबील, फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि सोलकढी. (सांबारं म्हटल्यावर आमची नागपूरकर मैत्रीण इडलीची वाट बघत बसली होती!) पावसाळ्यात कोकणातल्या घरात जे खातात तेच ताटात. उन्हाळ्यात कडक वाळवलेल्या माशाला बर्फ लागत नाही, म्हणजे बर्फ वितळायचा प्रश्नच मिटला. पंचवीसेक ताटांचा अंदाज, अडीचला सगळं फस्त. लिटल्स लॉप्रमाणे साठ्याचं आयुष्य एक सकाळ. तिथे आम्ही उरलेले तीनही दिवस जेवलो आणि सहा जणींचं बिल पहिल्या दिवशीच्या निम्म्याहून कमी आलं.

रत्नागिरीवाली पहिल्या दिवशी फक्त भात आणि सोलकढी घेऊन बसली होती. सप्टेंबरमध्ये घरी गेली तेव्हा आईने बंदरावरून आणलेल्या बांगड्याचं तिखलं केलं. आधी एक तुकडा खाऊन तासभर घड्याळाकडे बघत बसली म्हणे. मग तीन बांगडे संपवले. काही झालं नाही.

मालवणला आम्ही परत जाणार आहोत. काकींना विचारलं, थर्टी फर्स्टला येऊ का? तर म्हणाल्या, तेव्हा नको, गर्दीत माझ्या हातून नीट होत नाही. दिवाळी झाल्यावर या, आणि आदल्या दिवशी फोन करा.